बेडकाला वाईट वाटतं तेव्हा

टोडला कधीच कुणाचं पत्र येत नाही. टपाल यायच्या वेळेला तो ओसरीवर बसून राहतो. पेटी रोजची रिकामी, म्हणून दिवसातली ही वेळ त्याला सगळ्यात उदास वाटते. त्याचा मित्र फ्रॉग थोडा वेळ शेजारी बसतो, मग काम आहे म्हणून घरी पळतो, टोडला पत्र लिहितो आणि पोचवायला देतो एका गोगलगायीकडे. आता गोगलगायच ती! इकडे फ्रॉगला दम निघत नाही. तो परत येतो, खिडकीतून पुन्हा पुन्हा वाकून बघतो आणि शेवटी सांगून टाकतो की पत्र मीच पाठवलंय. आत काय लिहिलंय तेही सांगतो. मग दोघं ओसरीवर शेजारी शेजारी बसून त्या पत्राची वाट बघतात, चार दिवस.

अमेरिकन लेखक-चित्रकार आर्नल्ड लोबेल यांची ही गोष्ट १९७० सालची. टोड आणि फ्रॉग या बेडकांच्या जोडीची त्यांनी १९७९ पर्यंत चार पुस्तकं केली, प्रत्येकात पाच गोष्टी. एका गोष्टीत टोड दिवसभराच्या कामांची यादी करतो आणि एकेक काम झालं की खोडत जातो. वाऱ्याने यादी उडते. टोडला तिच्यामागे धावता येत नाही, कारण यादीमागे धावणं हे काम यादीत नाही. सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या कुणालाही हा टोड ओळखीचा वाटेल. फ्रॉग मात्र धावतो, त्याला यादी सापडत नाही, आणि तो येऊन टोडजवळ नुसता बसून राहतो. पहिल्या पुस्तकात टोड जितका हट्टी, चिंतातुर आणि आळशी आहे, तितकाच तो चौथ्यातही आहे. फ्रॉगची त्याबद्दल तक्रार नाही.

यंदाच्या अंकात मैत्री आणि भावना सांगणाऱ्या प्राण्यांच्या चित्रपुस्तकांवर स्वतंत्र विभाग आहे. मोठ्यांच्या दिवाळी अंकात हा विषय कशाला, असं कुणी विचारील. ही पुस्तकं विकत घेतात मोठे, वाचून दाखवतात मोठे, आणि त्यांची चव घालवतातही मोठेच. गोष्ट संपते, पुस्तक अजून मिटलेलंही नसतं, तोच प्रश्न येतो, ‘मग यातून आपण काय शिकलो?’ मूल शहाणं असतं. मोठ्यांना हवं ते उत्तर देऊन ते मोकळं होतं.

ही आपली जुनी खोड आहे. मराठीतल्या छापील बालवाङ्मयाची सुरुवातच मुळी बोलणाऱ्या प्राण्यांपासून झाली. सदाशिव काशिनाथ छत्रे यांची मराठी इसापनीती आली ती १८२८ साली. तेव्हापासून कोल्हा, करकोचा, सिंह, उंदीर ही सगळी मंडळी गोष्टीखालच्या तात्पर्यासाठी राबत आली आहेत. पंचतंत्र तर राजपुत्रांना शहाणं करण्यासाठीच सांगितलेलं. त्यातलं पहिलं तंत्र मित्रभेदाचं, म्हणजे सिंह आणि बैल यांची मैत्री एका कोल्ह्याने कशी मोडली याचं. मैत्री जमते ती दुसऱ्या तंत्रात. तिथेही कावळा मैत्रीचा हात पुढे करतो तेव्हा उंदीर बिळातूनच विचारतो की खाणारा आणि खाद्य यांची मैत्री व्हायची कशी. त्या प्रसंगाइतकं चतुर लेखन जगात थोडंच असेल. पण चार वर्षांच्या मुलाला बालवाडीतल्या मैत्रिणीने डब्यातला लाडू दिला नाही म्हणून जे वाटतं, त्याला तिथे जागा नाही.

आणि आपली काऊचिऊची गोष्ट? शेणाचं घर वाहून जातं, कावळा भर पावसात दाराशी उभा राहतो, आणि चिमणी आतून बाळाची आंघोळ, तीट, पावडर असं एकेक कारण सांगत राहते. काही घरांत तर शेवटी कावळ्याला तापल्या तव्यावर बसवतात. या गोष्टीच्या लयीवर कितीतरी पिढ्यांनी वरणभात खाल्ला आहे, आणि तिला हात लावायची आमची छाती नाही. तरी एवढं म्हणावंसं वाटतं की भिजलेल्या कावळ्याला काय वाटलं असेल, हे आपण मुलांना कधी विचारू दिलं नाही.

प्राण्यांच्या गोष्टीतून वळण लागतं, या समजुतीलाही एक धक्का बसलेला आहे. टोरांटोतल्या संशोधकांनी २०१७ साली चार ते सहा वर्षांच्या मुलांना आपल्यातलं दुसऱ्याला देण्याची एकच गोष्ट दोन रूपांत वाचून दाखवली. एका पुस्तकात पात्रं प्राण्यांची होती, दुसऱ्यात माणसांची. ज्या मुलाला स्टिकर मिळणार नाहीत त्याच्यासाठी आपल्या दहांतले हवे तेवढे ठेवायचे, अशी परीक्षा गोष्टीच्या आधी आणि नंतर घेतली. माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांचा हात सैल झाला, तर प्राण्यांची ऐकलेल्यांचा उलट आखडला. एका प्रयोगावरून निकाल द्यायचा नसतो. पण वळण लावण्यासाठी अस्वल-सशांची पुस्तकं आणणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा.

मग प्राणी हवेत कशाला? चित्रात मूल काढलं की ते लगेच कुणाचं तरी होतं. शहरातलं की खेड्यातलं, चाळीतलं की बंगल्यातलं, हे कपड्यांवरून आणि घरावरून कळतंच. बेडकाला वय नाही, आडनाव नाही, गणवेश नाही. त्याला स्वतःचं घर असतं, आईबाप आसपास दिसत नाहीत, आणि तरी त्याला अंधाराची भीती वाटते. ही भीती मुलाला अंतरावरून बघता येते. हवं तेव्हा आपली म्हणायची, नको तेव्हा बेडकाची. प्राण्यांवाचून हे साधतच नाही असंही नाही. माधुरी पुरंदरे यांनी ‘राधाचं घर’मध्ये साध्या घरातली साधी माणसं घेऊनच ते साधलं आहे. पण मत्सर, लाज, मरण असल्या अवघड जागी बेडूक उपयोगी पडतो.

मरणावरची सगळ्यात चांगली गोष्ट अशाच एका बेडकाची आहे. नेदरलँड्सच्या माक्स वेल्टहाउस यांचा हा बेडूक लाल-पांढऱ्या पट्ट्यांची चड्डी घालतो. वेल्टहाउस यांना २००४ साली बालसाहित्यातला अँडरसन पुरस्कार मिळाला, त्यात या बेडकाचा वाटा मोठा. त्यांच्या १९९१ सालच्या पुस्तकात बेडकाला माळावर एक काळा पक्षी निपचित पडलेला दिसतो. डुकराला वाटतं झोपला असेल. बदकाला वाटतं आजारी असेल. ससा जवळ जाऊन बघतो आणि सांगतो की तो मेला आहे. सगळे मिळून खड्डा खणतात, पक्ष्याला ठेवतात, फुलं वाहतात, माती लोटतात, वर दगड ठेवतात. कुणी फारसं बोलत नाही. परत निघाल्यावर बेडूक एकदम पुढे पळतो, आणि शिवाशिवी सुरू होते. चौघं घामाघूम होईपर्यंत हसतात, खेळतात. दिवस मावळताना घरी येतात तेव्हा झाडावर एक काळा पक्षी गात असतो.

मोठ्यांना खटकते ती नेमकी ही शिवाशिवी. सुतकाच्या घरात मुलं हसली की आपण डोळे वटारतो. पण ज्यांनी मुलांना अशा घरात पाहिलंय त्यांना ठाऊक आहे की मूल रडतं, खेळायला जातं, मधेच येऊन आजोबा कुठे गेले म्हणून विचारतं आणि पुन्हा खेळायला जातं. वेल्टहाउस यांनी ते जसंच्या तसं काढलं, त्यावर एक शब्द खर्च केला नाही. त्यांचंही सगळंच जमलेलं आहे असं नाही. दुसऱ्या एका पुस्तकात परका उंदीर येतो, डुक्कर आणि बदक त्याच्याकडे संशयाने बघतात, आणि तो डुकराच्या घराची आग विझवतो, बुडणाऱ्या सशाला वाचवतो, तेव्हा कुठे सगळे त्याला आपला मानतात. परक्याने कुणाचा जीव वाचवल्याशिवाय त्याला शेजार मिळू नये का?

अलीकडे ‘भावना’ हा स्वतंत्र माल झाला आहे. अस्वलाला राग येतो, अस्वल दहा आकडे मोजतं, राग जातो, आणि शेवटच्या पानावर पालकांसाठी सूचना असतात. इसापचं तात्पर्य समुपदेशकाचा कोट घालून परत आलं, एवढंच. याला उतारा म्हणून कोरी डोरफेल्ड यांचं २०१८ सालचं सशाचं पुस्तक बघावं. मुलाने रचलेली ठोकळ्यांची इमारत कोसळते. कोंबडी म्हणते बोल, अस्वल म्हणतं ओरड, प्रत्येक जण आपापला उपाय घेऊन येतो आणि कंटाळून जातो. ससा येतो आणि मुलाला टेकून बसतो.

मराठीत अशी पुस्तकं येतात ती बरीचशी अनुवादातून. नॅशनल बुक ट्रस्ट, तूलिका, प्रथम बुक्स यांनी चित्रपुस्तकं अनेक भारतीय भाषांत एकदम काढायची वाट पाडली, म्हणून ती परवडण्याजोगी राहिली. रंगांच्या प्लेटा सगळ्या भाषांना त्याच, फक्त काळ्या अक्षरांची प्लेट बदलायची. म्हणूनच या पुस्तकांत अक्षर बहुधा काळं, आणि चित्रात मजकुराला मोकळी जागा ठेवलेली. मूळ मराठीत लिहिलेली, मैत्री आणि मनाची प्राणीपुस्तकं शोधू लागलं तर यादी फार लांबत नाही. अस्वल, पेंग्विन, रॅकून आपल्याकडे भरपूर झाले. शेकरू हा आपला राज्यप्राणी. भीमाशंकरच्या झाडांवर तो भरदिवसा उड्या मारतो, पण आपल्या पुस्तकांत दिसतो तो बहुतेक सामान्यज्ञानाच्या प्रश्नातच. घोरपड, मुंगूस, साळिंदर यांना कधी वाईट वाटलेलं मराठी मुलांनी वाचल्याचं आम्हाला आठवत नाही.

वाचकहो, या दिवाळीत घरातल्या लहानग्याला एक चित्रपुस्तक वाचून दाखवा, आणि शेवटचं पान झाल्यावर काही विचारू नका. मुलाने पुन्हा वाच म्हटलं तर पुन्हा वाचा. लेखकांना आणि चित्रकारांना एक विनंती. पुढच्या अंकासाठी आम्हाला आपल्याकडच्या प्राण्यांच्या गोष्टी हव्या आहेत. सोळा पानांच्या दोन फर्म्यांत, म्हणजे ३२ पानांत चित्रांसकट मावतील एवढ्याच, आणि तात्पर्याविना. लेखन मार्चअखेर आमच्याकडे पोचावं.