एकवीस धांवा

वार्षिक अंकासाठीं पालकांपैकीं कोणीतरी चार ओळी लिहून द्याव्या, असा निरोप चिरंजीवांच्या हातीं घरीं आला, तेव्हां प्रथम मला संकोच वाटला. मी विद्वान नव्हे, आणि खेळाडू तर मुळींच नव्हे. मात्र गेलीं पंधरा वर्षें मी बाप आहें, व या धंद्यांत मनुष्याच्या हातून ज्या चुका होतात त्यांची मजजवळ वाण नाहीं. त्यांपैकीं एक चूक विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या मातापितरांपुढें मांडावी, असें मीं योजिलें आहे.

आमच्या घरीं मुलें दोन. वडील कन्या नववींत आहे व धाकटा मुलगा सहावींत. आम्ही सांगलीकर. या गांवास क्रिकेटचें वेड जुनें आहे. विजय हजारे १९१५ सालीं येथेंच जन्मले, आणि भारतीय संघानें आपला पहिला कसोटी विजय १९५२ सालीं मद्रासेस मिळविला, तेव्हां त्या संघाचे कर्णधार तेच होते. आजच्या मुलींच्या तोंडीं जिचें नांव सदैव असतें ती स्मृति मानधनाही याच सांगलींत लहानाची मोठी झाली. अशा गांवांत आमच्या मुलीनें बॅट हातीं धरली, यांत नवल नाहीं. देवानें तिला नजर दिली आहे व मनगटही दिलें आहे. रोज सायंकाळीं घरामागच्या मोकळ्या जागेंत तिचा सराव चाले आणि समोरून चेंडू टाकण्याचें काम धाकट्याकडे असे. तें त्याला कोणी नेमून दिलें नव्हतें. घरांतील कांहीं कामें जशीं आपोआप एखाद्याच्या अंगावर येऊन पडतात, तसें तें त्याच्यावर आलें. चेंडू भिंतीपलीकडे गेला कीं तो आणावयास यानेंच जावें, आणि शेजारच्या काकूंची बोलणींही यानेंच ऐकावीं, असा परिपाठ पडून गेला होता.

या जानेवारीच्या आरंभीं एका आंतरशालेय सामन्यांत मुलीनें ६४ धांवा काढिल्या. सायंकाळीं शेजारपाजारचीं चार मंडळी घरीं जमली. पेढे वांटले गेले. कोणी भ्रमणध्वनीवर टिपलेले तिचे फटके पुनःपुन्हा पाहिले जात होते. मुलगा हातांत बशी घेऊन दाराशीं उभा होता. मला काय बुद्धि झाली न कळे, मी सर्वांदेखत त्याला म्हणालों, "पाहिलेंस? ताईपासून कांहीं तरी शीक. नाहींतर चेंडू वेंचण्यांतच तुझा जन्म जायचा!" मंडळी हसली. तोही थोडासा हसला, बशी खालीं ठेवली आणि आंत निघून गेला.

रात्रीं त्याच्या अंगावर पांघरूण घालावयास गेलों, तों त्याच्या उजव्या हाताच्या तर्जनीस चिंधी गुंडाळलेली दिसली. सौभाग्यवतीस विचारलें. ती म्हणाली, "आठवडा झाला. चामडी चेंडूच्या शिवणीनें सालडें निघालें आहे. ताईला ऑफ-यष्टीबाहेरचे चेंडू सोडून देतां येत नव्हते. मग हा रोज शंभर चेंडू तिथेंच टाकी."

मी सामना पाहिला होता. मुलीनें त्या दिवशीं ऑफ-यष्टीबाहेरचे कितीतरी चेंडू बॅट वर उचलून शांतपणें जाऊं दिले होते, आणि मीं शेजारच्या गृहस्थास मोठ्या अभिमानानें सांगितलें होतें कीं, हा संयम हिला उपजतच आहे. तो संयम कोठून आला होता, तें आतां त्या चिंधींत दिसत होतें. त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं.

पडल्या पडल्या माझे कैलासवासी वडील आठवले. त्यांना आम्ही अण्णा म्हणत असूं. हजाऱ्यांची एक गोष्ट ते नेहमीं सांगत. १९४३ सालच्या डिसेंबरांत मुंबईस ब्रेबोर्न मैदानावर पंचरंगी स्पर्धेचा अंतिम सामना झाला. त्या काळीं संघ धर्मावरून पाडीत, ती विभागणी आज कोणास रुचणार नाहीं, व ती स्पर्धाही पुढें लवकरच बंद पडली. हिंदू संघानें पांच गडी बाद ५८१ धांवांवर डाव सोडला. त्यांत विजय मर्चंट यांच्या नाबाद २५० होत्या. समोरचा संघ 'इतर' लोकांचा होता व त्यांत हजारे होते. या संघाचा पहिला डाव १३३ धांवांत संपला आणि त्यास लागलीच पुन्हा फलंदाजीस यावें लागलें. दुसऱ्या डावांत संघाच्या ३८७ धांवा झाल्या व त्यांपैकीं एकट्या विजय हजाऱ्यांच्या ३०९!

येथवरची गोष्ट पुष्कळांस ठाऊक असते. अण्णा मात्र येथें थांबून विचारीत, "आणि समोर कोण होतें?" समोर होते त्यांचे सख्खे बंधु विवेक. दोघां भावांनीं मिळून ३०० धांवांची भर घातली, आणि त्या तीनशेंत विवेक यांच्या धांवा होत्या अवघ्या २१. तासामागून तास ते एका टोंकास पाय रोवून उभे राहिले. ते लवकर बाद झाले असते, तर विजय हजाऱ्यांना तीनशेंचा पल्ला गांठतां आला असता कीं नाहीं, कोण जाणे. सामना शेवटीं त्यांच्या संघानें डावानें गमावला, पण अण्णांना त्याचें कांहीं वाटत नसे. "तीनशेंनऊ सगळे सांगतात रे, एकवीस कोणी सांगत नाहीं," असें ते म्हणत. ही गोष्ट मीं शंभर वेळां ऐकली असेल. तरी माझ्या घरीं जो एकवीस धांवांचा धनी होता, त्याला मीं चारचौघांत हसण्यावारीं नेलें.

मला अधिक लाज वाटली ती आणखी एका कारणानें. त्यापूर्वीं दोनच महिने, २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्रीं, आम्ही सर्वजण दूरचित्रवाणीसमोर बसून महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना पाहत होतों. नवी मुंबईस आपल्या मुलींनीं दक्षिण आफ्रिकेस ५२ धांवांनीं हरविलें आणि तो चषक प्रथमच जिंकला. मैदानावर आनंदाचा कल्लोळ उडाला असतां चाकांच्या खुर्चींत बसलेली एक मुलगी त्या घोळक्यांत दिसली. ती प्रतिका रावल. त्याच स्पर्धेंत न्यूझीलंडविरुद्ध तिनें १२२ धांवा काढिल्या होत्या. पुढें बांगलादेशाशीं खेळतांना पायास दुखापत झाली, आणि तिच्या जागीं आलेल्या शफाली वर्मानें अंतिम सामन्यांत ८७ धांवा केल्या. आमच्या चिरंजीवांनीं विचारलें, "बाबा, ही तर आज खेळली नाहीं. मग ही मैदानांत कशी?" मी ऐटींत उत्तरलों, "अरे, हिच्या आधींच्या धांवा नसत्या तर संघ इथवर आलाच नसता. विजय हिचाही आहे." दूरवरच्या एका अनोळखी मुलीला न्याय देणें मला इतकें सोपें गेलें! पण दाराशीं बशी घेऊन उभ्या असलेल्या स्वतःच्या मुलाला तो देतां आला नाहीं.

असें कां व्हावें? माझ्या अल्प मतीनें याचें एक कारण म्हणजे आपण घराकडे चित्रपटाच्या दृष्टीनें पाहूं लागलों आहों. चित्रपट मलाही आवडतात, त्यांची निंदा करावयाची नाहीं. पण पडद्यावर नायक एक लागतो, व बाकीचीं माणसें त्याच्या मागें उभीं राहतात. घरांतही मग आपण नकळत एकास नायक ठरवितों आणि त्याच्यावरून दृष्टि काढीत नाहीं. वस्तुतः चांगला चित्रपट असा एकडोळ्या नसतो. २००१ सालचा 'लगान' आठवा. भुवनचा शेवटचा षटकार प्रत्येकाच्या ध्यानांत आहे. परंतु त्याआधीं फलंदाजीस कचरा असतो. तो कशीबशी एक धांव काढतो, पंच तो चेंडू अवैध ठरवितात, आणि त्या एका धांवेमुळें भुवन समोर येतो. चित्रपटानें ती धांव दाखविली आहे, विसरतों ते आपण प्रेक्षक. आपल्या खो-खोंत तर ही गोष्ट नियमांतच गोंविलेली आहे. पळणाऱ्या गड्यास वाटेल तेव्हां मागें वळण्याची मुभा नाहीं. पाठलाग पुढें चालावयाचा तर बसलेल्या गड्याच्या पाठीशीं जाऊन 'खो' द्यावाच लागतो.

यावर कोणी सुज्ञ पालक म्हणतील, "मग काय सर्व मुलांना सारखींच बक्षिसें वांटावयाचीं?" नव्हे. एकवीसांस तीनशेंनऊ म्हणणें हें खोटें बोलणें आहे, आणि असलें खोटें मुलांना फार लवकर ओळखूं येतें. "तूंही ताईइतकाच छान खेळतोस हो," असें मी दुसऱ्या दिवशीं म्हणालों असतों, तर त्यानें माझ्याकडे दयेनें पाहिलें असतें. धांवफलक लिहिणारा येथें आपला गुरु व्हावा. तो विवेक यांच्या नांवापुढें २१ च लिहितो, एकही वाढवीत नाहीं. पण दोघांनीं मिळून केलेल्या ३०० ची नोंदही तो टाळीत नाहीं. घरांत आपण पहिली नोंद तेवढी ठेवतों आणि दुसरी गाळतों. मूल खेळून आलें कीं, "किती केल्यास?" असें विचारण्याची आपणांस संवय आहे. त्याच्या पाठोपाठ, "समोर कोण होतें?" हेंही विचारावें. गणितांत पैकीच्या पैकीं गुण मिळाले, तर सूत्रें कोणी म्हणून घेतलीं? वक्तृत्वांत ढाल मिळाली, तर आरशासमोरचें भाषण रोज कोणी ऐकलें? स्मृति मानधनाला सरावांत तिचे बंधु चेंडू टाकीत, असें वाचनांत येतें. तिच्या घरीं हा दुसरा प्रश्न विचारला गेला असेल, असें मानावयास मला आवडतें.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं ज्यांना यंदा पारितोषिकें मिळालीं त्यांचें अभिनंदन. घरीं गेल्यावर पेला फडताळांत ठेवण्यापूर्वीं तो एकदां दुसऱ्या कोणाच्या हातीं द्या. कोणाच्या, तें तुम्हांला ठाऊक आहे.

आतां माझी गोष्ट पुरी करतों. बोललों होतों तें चारचौघांत, म्हणून क्षमा मागावयाची तीही चारचौघांतच, असें मीं ठरविलें. संक्रांतीस तीच मंडळी तिळगूळ घेऊन आली, तेव्हां मीं चिंधीची हकीकत सांगितली व मुलाजवळ क्षमा मागितली. पाहुणे तिळगूळ हातांत धरून अवघडून बसले. मुलीच्या डोळ्यांस पाणी आलें. मुलगा मात्र जमिनीकडे पाहत होता. सर्व गेल्यावर मी त्याला म्हणालों, "उद्यांपासून ताई तुला चेंडू टाकील, तूं बॅट घे." मला वाटलें, आतां न्यायाचा कांटा समतोल झाला.

तो हळूच म्हणाला, "बाबा, मला क्रिकेट फारसें आवडत नाहीं. ताईला चेंडू टाकायला कोणी नव्हतें, म्हणून मी टाकीत होतों."

मी थक्क झालों. एकवीस धांवांचें माहात्म्य मी मनांत इतकें घोळवीत होतों, पण याला खेळावयाचें तरी आहे काय, हें मीं इतक्या वर्षांत विचारलें नव्हतें. मदत करणाऱ्याची आपण स्तुति करतों ती पुष्कळदां त्यानें तसेंच मदत करीत राहावें म्हणून, हेंही त्या क्षणीं माझ्या लक्षांत आलें. "मग तुला काय आवडतें?" मीं विचारलें. त्यानें माळ्याकडे बोट दाखविलें. तेथें अण्णांची पेटी धूळ खात पडली होती.

पेटी खालीं काढली. भाता फाटला होता. मिरजेस नेऊन तो दुरुस्त करविला. हल्लीं आठवड्यांतून चार दिवस मुलगा पूर्वींप्रमाणें चेंडू टाकतो, पण पन्नासांवर एकही नाहीं. तसा करार ताईनें स्वतः लिहून भिंतीवर लावला आहे. उरलेल्या तीन दिवशीं सायंकाळीं तो पेटीवर चित्रपटांतील गाण्यांच्या चाली एकेक सूर शोधून बसवितो, आणि ताई समोर बसून हातानें ताल धरते. तिला तालाचें ज्ञान बेताचेंच. मधूनच "ताई, सम चुकली!" अशी हांक ऐकूं येते, आणि ती निमूटपणें पुन्हा पहिल्यापासून आरंभ करते.