गावात आहे काय?

मंडळी, जरा स्पष्टच लिहितो, राग मानू नका.

परवा आमच्या उधन्याच्या घरी वाद झाला. पुतण्या परदेशात भूजलावर संशोधन करतो. त्याला पाच-सहा देशांतल्या शास्त्रज्ञांची परिषद नंदुरबारजवळच्या आमच्या मूळ गावी भरवायची आहे. सगळे एका सुरात म्हणाले, "गावात आहे काय? सुरतेत चांगलं हॉटेल बघ."

अहो, नारायणगावजवळचं खोडद आठवा! गोविंद स्वरूप आणि सहकाऱ्यांनी त्या परिसरात जीएमआरटी उभारली, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. खेड्यावर उपकार म्हणून नव्हे. शहरातल्या रेडिओ-टीव्हीच्या गोंगाटात आकाशातून येणाऱ्या क्षीण रेडिओलहरी पकडणं कठीण, म्हणून. आज जगभरचे खगोलशास्त्रज्ञ तिथे निरीक्षणाची वेळ मिळावी म्हणून अर्ज करतात.

मग भूजलवाल्यांनी आटलेली विहीर बघायची कुठे, हॉटेलच्या लॉबीत?

संडास आणि विजेचा मुद्दा खरा आहे, नाकारत नाही. पण गेल्या वर्षी लग्नाच्या हॉलला आपण किती मोजले? हिशेब मी ठेवलाय, बँकेतली सवय. त्याच्या निम्म्यात शाळेचे संडास नीट होतात, वर जनरेटरचं भाडं निघतं. खरं कारण म्हणजे लाज. पाहुण्यांना आपली मातीची घरं दिसतील ना! मलाही वाटायची. १९७४ साली नोकरीला लागलो तेव्हा कुणी गाव विचारलं की 'धुळे जिल्हा' सांगून मोकळा व्हायचो.

पुतण्याला मी हो कळवलंय. जुन्या घराची किल्ली माझ्याकडेच आहे.