नावाने आंघोळ

परवा कॅम्पातल्या चर्चमध्ये शेजाऱ्यांच्या नातवाचा बाप्तिस्मा झाला. फादरनी बाळाच्या डोक्यावर तीनदा पाणी ओतलं, बाळाने टाहो फोडला, आणि परतताना आमच्या सौ. नी विचारलं, "एवढ्याशा पाण्याने काय होतं हो?" प्रश्न साधा होता, उत्तर शोधता शोधता रात्र झाली.

आपल्या दुभाषी घरांना इथे एक सोय आहे. मराठी बायबलात 'बाप्तिस्मा' हा शब्द आहे. मूळ ग्रीक, अर्थ बुडवणं. कन्नड बायबल उघडलं तर तिथे 'दीक्षास्नान'. दीक्षा म्हटलं की लिंगायत शेजारणीलाही वेगळं समजावावं लागत नाही. पण स्नान म्हटलं की आपलं मन मळ धुण्याकडे वळतं, आणि थोडी गफलत होते. संत पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात याचा अर्थ सांगितला आहे: पाण्याखाली जाणं म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं, वर येणं म्हणजे नवं आयुष्य. म्हणूनच फार जुन्या काळापासून ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा देत आले. कुणी नदीत बुडवतात, कुणी डोक्यावर ओततात. जुना माणूस मेला, हा अर्थ दोन्हींत सारखाच.

मेलेल्या माणसासाठी पाणी वापरायची रीत आपल्यालाही ठाऊक आहे. घर सोडून गेलेल्याच्या 'नावाने आंघोळ करतात'. कन्नडात 'एळ्ळुनीरु बिडु' म्हणतात, म्हणजे तीळ घातलेलं पाणी सोडून मोकळं होणं, आपली तिलांजलीच. तेव्हा एखाद्या सोवळ्या घरातल्या मुलाने बाप्तिस्मा घेतला तर एकाच माणसासाठी दोन स्नानं: इकडे तो जन्मला, तिकडे मेला!

हे ज्यांच्या घरात घडलं त्यांच्यापैकी एकीने सगळं लिहून ठेवलंय. कवी नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या, काही वर्षं नवऱ्यापासून दूर. त्यांचं 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचलंय त्यांना त्यांच्या माहेरचं सोवळं आठवत असेल. वडील बाजारातून आणलेलं मीठसुद्धा धुऊन घेत. (मीठ धुतल्यावर उरत किती असेल, हा हिशोब घरच्या बायकांनाच माहीत.) अशा घरात पाणी माणसाला जवळ आणत नाही, दूर ठेवतं. पुढे त्या नवऱ्याकडे परतल्या, पण सोवळं बरोबर घेऊनच. विटाळ, शिवाशिव, कुणाच्या हातचं चालतं न् कुणाच्या नाही, हे सगळं चालूच होतं.

येशूची एक विहिरीवरची गोष्ट आहे. भर दुपारी तो एका शोमरोनी बाईकडे प्यायला पाणी मागतो. ती चकित होते, कारण यहुदी लोक शोमरोन्यांशी असा व्यवहार ठेवत नसत. तो तिला जिवंत पाण्याबद्दल सांगतो खरा, पण आधी तिच्या हातचं मागतो. योहानाच्या शुभवर्तमानात ही गोष्ट आहे. शेवटी ती बाई घागर तिथेच टाकून गावाकडे धावते. येशूला पाणी मिळालं की नाही, ते मात्र लिहिलेलं नाही!

लक्ष्मीबाईंच्या मनात एके दिवशी विचार आला, हे जातिभेद देवाने केले की माणसाने? माणसानेच, असं मनाने घेतलं आणि त्यांनी ठरवलं, आजपासून कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं. कुणी उपदेश केला नव्हता, समोर पाळकही नव्हता. राहुरीला त्यांचा बाप्तिस्मा झाला तो १९०० साली, या निश्चयानंतर.

सौ. ना हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे डोक्यावर पडायच्या आधी ते घशाखाली उतरलं होतं." आणि दिवा मालवून झोपी गेल्या.