शेजारच्या आसनाची किंमत

२०१७ सालच्या एप्रिल महिन्यात मिशिगनहून माझ्या भाच्याचा फोन आला. वसईच्या वाडीत वाढलेला हा मुलगा गेली वीस-बावीस वर्षे डेट्रॉइटच्या परिसरात मोटार-उद्योगात अभियंता म्हणून काम करतो. घर आहे, पत्नी आहे, एक मुलगी आहे. "मामा, तुम्हाला वेडेपणा वाटेल, पण एकदा ऐकून घ्या," अशी त्याने प्रस्तावना केली आणि मग अर्धा तास तो एका मोटारगाडीविषयी बोलत राहिला. न्यूयॉर्कच्या मोटार-प्रदर्शनात ती नुकतीच जाहीर झाली होती. डॉज कंपनीच्या 'चॅलेंजर' गाडीची ही नवी आवृत्ती, नाव 'डीमन'. किंमत जवळजवळ ८५,००० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने सुमारे ५५ लाख रुपये. अमेरिकेसाठी ३,००० आणि कॅनडासाठी ३०० एवढ्याच गाड्या निघणार होत्या. घ्यायची तर लवकर ठरवायला हवे होते.

"घेऊ का?" असा त्याचा प्रश्न होता. "घेऊ नकोस," असे मी तत्काळ म्हणालो. पण का, ते मला त्या दिवशी नीट सांगता आले नाही. सहा वर्षांनी, २०२३ च्या मार्चमध्ये, त्याच गाडीची अखेरची आणि अधिक प्रबळ आवृत्ती जाहीर झाली तेव्हा त्याने पुन्हा तेच विचारले. अशी एखादी गाडी दर काही वर्षांनी जाहीर होत राहणार आणि भाचा दर वेळी विचारत राहणार. म्हणून उत्तर एकदाचे लिहून ठेवतो. ते केवळ त्याच्यासाठी नाही, हे वाचकांच्या लक्षात येईलच.

प्रथम त्याची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. अमेरिकेत ज्या गाडीला 'मसल कार' म्हणतात, ती मूळची श्रीमंतांची गाडी नव्हे. साध्या, मध्यम आकाराच्या गाडीत मोठे इंजिन बसवायचे आणि ती सामान्य माणसाला परवडेल अशा किमतीत विकायची, एवढीच ती कल्पना. १९६४ च्या मॉडेलात पॉन्टिअॅकने आपल्याच मूळ कंपनीच्या नियमाला बगल देऊन 'टेम्पेस्ट' गाडीत मोठे इंजिन घातले आणि 'जीटीओ' जन्माला आली. १९६८ साली प्लिमथची 'रोड रनर' २,८९६ डॉलरपासून मिळत होती. कारखान्यात पाळी करणारा तरुण हप्त्याने ती घेऊ शकत असे. पुढे विम्याचे दर चढले, १९७० चा स्वच्छ हवेचा कायदा आला, १९७३ चे तेलसंकट आले आणि ते पर्व ओसरले. ज्या शहराने जगाला मोटार दिली त्या शहराच्या परिसरात राहणाऱ्या अभियंत्याला या इतिहासाची ओढ वाटावी, यात गैर काहीच नाही.

यंत्र म्हणूनही ती गाडी अद्भुत होती, हे मी मान्य करतो. ६.२ लिटरचे, सुपरचार्जर लावलेले इंजिन. साध्या पेट्रोलवर ८०८ आणि शर्यतीच्या इंधनावर ८४० अश्वशक्ती. गाडीतील माणसांना गारवा देणारी यंत्रणा शर्यतीच्या वेळी त्यांच्याकडून काढून इंजिनात जाणारी हवा थंड करण्यास जुंपायची, ही युक्ती तर बुद्धीला दाद द्यावी अशीच. परंतु एखाद्या वस्तूचे कौतुक करणे निराळे आणि ती घरी आणणे निराळे. जत्रेतला हत्ती पाहून आपण थक्क होतो. तो दारात बांधत नाही.

नावाविषयी काही वाचक बिचकतील. दर ईस्टरला बाप्तिस्म्याची वचने नव्याने घेताना ज्याचा आपण त्याग करतो, त्याचेच नाव गाडीच्या अंगावर मिरवायचे काय? माझा आक्षेप तो नाही. नाव हा विक्रीचा खेळ आहे. नाव 'देवदूत' असते तरी माझे उत्तर हेच राहिले असते. माझा आक्षेप गाडीच्या रचनेतूनच उद्भवतो, आणि ती रचना काय सांगते ते भाच्याच्या एकेका समर्थनाबरोबर पाहू.

"मी ती रस्त्यावर पळवणारच नाही, शर्यतीच्या बंद पट्टीवरच नेईन," हे त्याचे पहिले समर्थन. ही गाडी पाव मैलाची सरळ शर्यत ९.६५ सेकंदांत पुरी करते, असा कंपनीचा दावा होता. आता अमेरिकेतील अशा शर्यतींचे नियमन करणाऱ्या संघटनेचा त्या वेळचा नियम असा होता की, इतक्या वेगवान गाडीत रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर चालक चिरडू नये म्हणून बसवलेला पोलादी पिंजरा, असलाच पाहिजे. विक्रीच्या गाडीत तो नव्हता. तेव्हा संघटनेने कळवले की, ही गाडी आहे त्या स्थितीत आमच्या शर्यतीत चालणार नाही. कंपनीने या मनाईची लाज बाळगली नाही. उलट तिचीच जाहिरात केली. वाचकांनी क्षणभर थांबून याचा अर्थ पाहावा. जिथे दोन्ही बाजूंना भिंती आहेत, रुग्णवाहिका उभी आहे, समोरून कोणी येत नाही, तिथे ही गाडी धोकादायक ठरली. आणि जिथून शाळेची मुले घरी जातात त्या रस्त्यावर ती चालवण्यास कायद्याची हरकत नव्हती! डेट्रॉइटमधूनच निघणाऱ्या 'ऑटोमोटिव्ह न्यूज' या मोटार-व्यवसायाच्या पत्रानेदेखील ही गाडी सार्वजनिक रस्त्यांवर येऊ देऊ नये असे अग्रलेखात म्हटले. ते पत्र काही मोटारींचे वैरी नव्हे.

"मामा, मला गाडी चालवता येते," हे दुसरे समर्थन. गाडीबरोबर दोन रंगांच्या किल्ल्या मिळत: काळीने इंजिन ५०० अश्वशक्तीवर रोखले जाई, लालने सारी शक्ती खुली होई. "मी काळीच वापरीन," असेही तो म्हणाला. ज्याने लाल किल्लीसाठी ८५,००० डॉलर मोजले, तो जन्मभर काळीच वापरील यावर त्याचा स्वतःचा तरी विश्वास होता काय? पण ते सोडून देऊ. त्याच्या कौशल्याविषयीही मला शंका नाही. माझा मुद्दा वेगळा आहे, आणि तो मी पुस्तकात वाचलेला नाही.

१९७८ साली माझ्याकडे येझदी होती. तरुण होतो, हात सफाईचा होता, आणि पापडीहून स्टेशनकडे जाणारा रस्ता आजच्यासारखा गजबजलेला नव्हता. एका सकाळी भाजीची पाटी डोक्यावर घेतलेली एक बाई रस्ता ओलांडू लागली. तिने माझ्याकडे पाहिले होते. मी दूर होतो. तिच्या अंदाजाने तिला पुरेसा वेळ होता. तो अंदाज बैलगाडीवर, सायकलीवर आणि एसटीवर तयार झालेला होता. येझदीचा त्यात समावेश नव्हता. तिचे खुब्याचे हाड मोडले. ती जगली, पण पुन्हा बाजाराला गेली नाही. इस्पितळात मी तिच्यासमोर उभा राहिलो तेव्हा ती म्हणाली, "बाबा, तू तर लांब होतास ना रे!" माझे कौशल्य त्या दिवशीही शाबूत होते. चूक तिच्याही कौशल्याची नव्हती. ज्या वेगाची तिला कल्पनाच करता येत नव्हती, तो मी तिच्या रस्त्यावर आणला होता.

आता 'डीमन'चा हिशेब करा. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे उभी गाडी २.३ सेकंदांत ताशी ६० मैल, म्हणजे सुमारे ९६ किलोमीटर, वेग घेते. साध्या चालीने चालणारा माणूस तेवढ्या अवधीत तीन-सव्वातीन मीटर जातो. अमेरिकन रस्त्याची एक मार्गिका साडेतीन मीटरांहून थोडी अधिक रुंद असते. म्हणजे सिग्नलला उभी असलेली गाडी पाहून एखाद्या म्हातारीने पाऊल उचलले, तर तिची एक मार्गिकाही ओलांडून होण्यापूर्वी दोन टनांच्या आसपास वजनाचे ते धूड शंभरच्या घरात पोचलेले असेल. पादचाऱ्याची सारी सुरक्षितता त्याच्या अंदाजावर असते, आणि हे यंत्र नेमका तो अंदाज खोटा पाडण्यासाठीच घडवलेले आहे. अमेरिकेत २०२२ या एका वर्षात ७,५२२ पादचारी रस्त्यांवर मृत्यू पावले. ते सारे अशा गाड्यांखाली गेले असे मी म्हणत नाही. ज्या देशात पायी चालणे आधीच इतके महाग पडते, तिथे आपण त्यात कशाची भर घालतो, एवढेच विचारतो.

"पैसा माझा, जोखीम माझी," हे तिसरे समर्थन, आणि सर्वांत जास्त टाळ्या त्यालाच मिळतात. पैसा त्याचा, हे खरे. जोखीमही त्याचीच काय? अमेरिकेतील इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेने २०२३ साली २०२० च्या मॉडेलांचा मृत्युदर प्रसिद्ध केला. अपघातात समोरच्या गाडीचा चालक कोणत्या गाडीमुळे सर्वाधिक प्रमाणात मरण पावतो, हेही त्यात मोजले होते. त्या यादीत पहिली होती डॉजचीच 'चार्जर हेलकॅट': 'डीमन'ची चुलत बहीण, त्याच जातीच्या ६.२ लिटर सुपरचार्ज्ड इंजिनाची. दोष एकट्या लोखंडाचा नाही, चालवणाऱ्याच्या वृत्तीचाही आहे, हे उघडच आहे. परंतु जी गाडी ती वृत्ती चेतवण्यासाठीच घडवली आणि विकली जाते, तिला निर्दोष कसे म्हणावे? समोरच्या गाडीतल्या माणसाने कसलीही लाल किल्ली घेतलेली नव्हती. कॅथलिक धर्मशिकवणीच्या ग्रंथात मद्याच्या जोडीला वेगाची आवड मांडली आहे, आणि तिच्यापायी रस्त्यावर स्वतःची व इतरांची सुरक्षितता धोक्यात घालणाऱ्यावर गंभीर दोष ठेवला आहे, तो याच कारणाने. अपघात घडल्यानंतरचाच नव्हे, धोका पत्करण्याचाही तो दोष आहे.

"बरे, चालवणारच नाही, गुंतवणूक म्हणून ठेवीन," हे शेवटचे समर्थन. हे ऐकून मला वाईट वाटले. कामगाराला परवडावी म्हणून जी गाडी जन्मली, ती आता छताखाली झाकून ठेवायची आणि दुसऱ्या कोणाला तिची हाव सुटेपर्यंत वाट पाहायची! ज्या इतिहासाच्या प्रेमापोटी ती घ्यायची, त्या इतिहासाची यापेक्षा मोठी चेष्टा नाही.

या सर्वांहून मला बोलकी वाटली ती एक किरकोळ गोष्ट. २०१८ च्या मॉडेलाची ही गाडी मूळ किमतीत एकाच आसनाची येत असे. वजन वाचावे म्हणून चालकाशेजारचे आसन काढलेले, मागचे बाकही काढलेले. कोणाला हवे असेल तर शेजारचे आसन एक डॉलर देऊन बसवून मिळे. मागच्या बाकालाही एकच डॉलर. भाचा हसत म्हणाला, "एका डॉलरचा तर प्रश्न, मामा; मुलीसाठी घेईन." त्या वेळी मीही हसलो. नंतर मात्र ते वाक्य मनातून जाईना. त्याने मुलीची आठवण ठेवली, हे त्याचे चांगुलपण. पण गाडी घडवणाऱ्यांनी तिला आधी वजन म्हणून मोजून बाहेर काढले होते आणि मग एका डॉलरला परत बोलावले होते. गाडीच्या आत ज्या विचाराने पोटच्या मुलीला अडगळ ठरवले, त्या विचाराने गाडीच्या बाहेर चालणाऱ्या परक्याची काय पत्रास ठेवली असेल?

वाचक म्हणतील, हे अमेरिकेचे दुखणे. आपल्याला काय त्याचे? १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात एका पोर्शे गाडीच्या धडकेने दुचाकीवरील दोन तरुण अभियंते, एक मुलगा आणि एक मुलगी, मृत्युमुखी पडले. दुखणे आता लांबचे राहिलेले नाही. आपल्या गावांतही वाडी विकून आलेला पैसा पहिल्यांदा कोणत्या दुकानात जातो, हे ज्याने त्याने आपल्या आळीत पाहावे. बापजाद्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मोट हाकून राखलेली जमीन एका मुलाच्या चाकांखाली जाते, आणि रस्ते तर अजून त्या भाजीवालीच्याच अंदाजाचे आहेत.

भाच्याने गाडी घेतली नाही. माझ्या उपदेशामुळे नव्हे. विक्रेत्याने छापील किमतीच्या वर भली मोठी रक्कम मागितली म्हणून. २०२३ ची आवृत्ती १,०२५ अश्वशक्तीची होती आणि पाव मैल ८.९१ सेकंदांत कापण्याचा तिचा दावा होता. तीही त्याने घेतली नाही, कारण तेव्हा मुलीच्या कॉलेजचा खर्च समोर होता. त्याच वर्षाअखेर 'चॅलेंजर'चे उत्पादनच थांबले. परंतु पुढची गाडी जाहीर होईल, ती विजेवर चालणारी आणि आवाज न करणारी असेल, तेव्हा पैसाही असेल आणि विक्रेताही गोड बोलेल. त्या दिवसासाठी हे लिहिले आहे.

बाळा, गाडी जरूर घे. चांगली, मजबूत, चार माणसे बसतील अशी घे. आणि घेण्यापूर्वी विक्रेत्याला अश्वशक्ती विचारण्याआधी एकदा दुकानाबाहेरच्या रस्त्यावर उभा राहा आणि पायी चालणाऱ्या माणसांकडे पाहा. त्यांच्यापैकी कोणीही तुला परवानगी दिलेली नाही.