मामाचा पिकअप आणि पंधरा हजारांतला वेग

आमच्या टीममध्ये एक नवीन मुलगा आलाय, राहायला मुलुंडला. त्याने गेल्या महिन्यात जुना पिकअप घेतला. नोकरी सॉफ्टवेअरची, घरचा धंदा नर्सरीचा, म्हणून पिकअप. मला गाड्यांचा नाद आहे हे त्याला कुणीतरी सांगितलेलं. बुधवारी टपरीवर चहा घेताना म्हणाला, "सर, चढावर पार मरते ओ. वीस हजारांत फास्ट करता येईल का?" उत्तर अर्धं झालं तोवर मीटिंगची वेळ झाली. उरलेलं इथे लिहितो.

माझं मत आधीच सांगून टाकतो, मग पटत नसेल तर पुढचं वाचू नका. हातात थोडेच पैसे असतील तर जुन्या गाडीची ताकद वाढवायच्या भानगडीत पडू नये. तिची मूळची ताकद कुठे गळतेय ते शोधावं, आणि त्याआधी ब्रेक करून घ्यावेत. हे शहाणपण माझं नाही. ते मामाच्या गाडीवर शिकलो, तेही बरीच भांडणं करून.

गोष्ट २०१० ची. मामा तेव्हा वाशीच्या एपीएमसीतून भाजी उचलून बोरिवली-दहिसरच्या दुकानदारांना पोचवायचा. गाडी महिंद्राचा पिकअप, २००४ चं मॉडेल, सेकंड हँड घेतलेला. २५२३ सीसीचं डिझेल, टर्बो नाही. (महिंद्राचा कारखाना आमच्या शेजारी कांदिवलीला, आकुर्ली रोडवर. तिथे ट्रॅक्टर बनतात. मामाच्या मते त्याच्या गाडीचा आवाज ऐकला की ती कांदिवलीचीच वाटते. असो.)

रात्री दीडला निघायचं, माल भरायचा, ऐरोली पुलावरून मुलुंड, तिथून जेव्हीएलआरने पवई, जोगेश्वरीला हायवे आणि मग सरळ बोरिवली. सहाच्या आत दुकानदारांकडे माल पोचला नाही तर तो दुसऱ्याकडून उचलतात, आणि मामाकडे उरतात मावळलेली मेथी आणि उधारीची वही. तीन गिऱ्हाइकं त्याने त्या वर्षी अशीच गमावली होती. त्यामुळे "गाडी पळाली पाहिजे" हा त्याच्यासाठी शौक नव्हता. हातात पंधरा हजार होते. त्यातले पाच मामीने वेगळे ठेवलेले, हे मला नंतर कळलं.

मामाला दोन सल्ले मिळाले होते. पहिला कुर्ल्याचा. सीएसटी रोडला जुन्या स्पेअर पार्टची दुकानं आहेत, तिथे टर्बो मिळतो, आणून लावायचा. हेच २५२३ सीसीचं इंजिन कंपनीने बोलेरोत टर्बो लावून दिलं होतं, त्यामुळे कल्पना अगदीच वेडी नव्हती. पण नुसता टर्बो आणून काय करणार? मॅनिफोल्ड वेगळा, टर्बोला ऑइलची लाइन, त्या हवेच्या हिशोबाने डिझेल देणारा पंप. आणि इंजिनाने आधीच अडीच लाख किलोमीटर खाल्लेले. पंधरा हजारांत यातलं अर्धंही बसत नाही.

दुसरा सल्ला स्वस्त होता आणि म्हणूनच धोक्याचा: पंपाचा स्क्रू फिरवणे. हे जरा समजावून सांगतो, कारण नव्या मुलालाही कुणीतरी हेच सांगणार. डिझेल इंजिनात ताकद ठरते ती सिलिंडरमध्ये किती डिझेल फवारलं यावर. पण ते जाळायला हवा लागते. टर्बो नसलेल्या इंजिनात हवा तेवढीच राहते. डिझेल थोडं वाढवलं की थोडी ताकद वाढते, त्यापुढचं डिझेल नीट जळत नाही आणि काळा धूर होऊन बाहेर पडतं. धुराडं तापतं, पिस्टन तापतो, ऑइल खराब होतं. ड्रायव्हरला मात्र वाटतं, वा, काय पिकअप आलाय!

मी तेव्हा नुकताच एका बँकेच्या प्रोजेक्टवर होतो. रिपोर्ट चालायला चाळीस मिनिटं लागायची, आणि आम्ही आठवडाभर ज्या क्वेरीवर घाम गाळला तिचा त्यात वाटा निघाला दोन मिनिटं. ते ताजं होतं. म्हणून मामाला म्हटलं, "मामा, पैसे खर्च करायच्या आधी दोन रात्री मी तुझ्याबरोबर येतो. वही आणि स्टॉपवॉच घेऊन."

"झोप येईल तुला," मामा म्हणाला. आलीच. पण वही भरली.

घरातून निघून शेवटच्या दुकानापर्यंत साधारण साडेचार तास. त्यातले सव्वादोन तास एपीएमसीत: गेटवर रांग, माल शोधणं, माथाडी मिळणं, भरणं. पाऊण तास दुकानांत उतरवण्यात. प्रत्यक्ष गाडी चालली दीड तास, आणि त्यात मामाचा पाय अॅक्सिलरेटरवर तळाला टेकलेला होता तो वेळ सगळा मिळून अकरा मिनिटं. मुख्यतः पवईचा चढ, काही फ्लायओव्हर आणि सिग्नलवरून निघताना. म्हणजे जादूने इंजिनाची ताकद दुप्पट झाली असती तरी फार तर साडेपाच मिनिटं वाचली असती! जीन अॅमडाल या माणसाने १९६७ मध्ये कॉम्प्युटरबद्दल हेच मांडलं होतं: एक भाग कितीही वेगवान करा, एकूण फायदा त्या भागाच्या वाट्यापुरताच.

मी हे मोठ्या आनंदाने मामाला सांगितलं. मामा चिडला.

"मिनिटं मलाही मोजता येतात. पवईच्या चढाला पाठीमागून डंपर येतो, हॉर्नवर हात ठेवून, चार इंचांवर. माझी गाडी पंचवीसच्या वर जात नाही. तू बस ना ड्रायव्हिंगला."

हे माझ्या वहीत नव्हतं. आणि मामाचं बरोबर होतं. सरासरी वेळेत ती अकरा मिनिटं नगण्य, पण भीती सगळी त्याच अकरा मिनिटांत. आम्ही इंजिनियर लोक सरासरी काढून मोकळे होतो, हा आमच्यातला दोषच आहे. तेव्हा ठरलं की दोन वेगळी कामं आहेत. वेळ वाचवायचा एपीएमसीत, आणि चढावरची इज्जत वाचवायची गॅरेजमध्ये.

गॅरेजच्या आधी वजनकाटा. रिकामी गाडी काट्यावर घातली तर आरसी बुकातल्या वजनापेक्षा १९० किलो जास्त! मागच्या मालकाने हौद्यावर अँगलचा जाडजूड सांगाडा चढवला होता, शिवाय दोन स्टेपन्या, गंजलेल्या साखळ्या आणि वाळूची एक गोणी, जी कशासाठी होती ते मामालाही माहीत नव्हतं. ११० किलो उतरवले. भरलेली गाडी साधारण २८५० किलोची (पासिंगपेक्षा किती जास्त ते विचारू नका), म्हणजे चार टक्के वजन कमी. चढावर वजन चार टक्के कमी म्हणजे ताकद चार टक्के जास्त असल्यासारखंच, तेही फुकट. उलट भंगारवाल्याने पैसे दिले.

मग ब्रेक. इथे पुन्हा भांडण. जोगेश्वरीला हायवेला लागताना गाडी ब्रेक मारल्यावर डावीकडे ओढते हे मी दोन्ही रात्री पाहिलं होतं. मामाला सवय झालेली, तो स्टिअरिंग आधीच उजवीकडे धरायचा. "ब्रेकने गाडी फास्ट होते का?" हा त्याचा प्रश्न. मी पाठीवर हिशोब करून दाखवला, बिलाच्या पाठीवर: वेग ६० वरून ८० केला तर तो ३३ टक्के वाढतो, पण थांबताना ब्रेकना जी ऊर्जा गिळावी लागते ती ७८ टक्के वाढते. हिशोबाने तो बधला नाही. मामी बधली, आणि तिचे ते पाच हजार ब्रेककडे गेले. चाकं खोलली तर उजव्या पुढच्या चाकाचा ब्रेक जवळजवळ मेलेला, आणि मागचं डावं चाक सुटतच नव्हतं, कायम घासत होतं. जॅकवर उचलून हाताने फिरवलं तर अर्धा फेरा घेऊन थांबायचं. म्हणजे ही गाडी वर्षभर थोडा ब्रेक दाबूनच धावत होती. ब्रेकने गाडी फास्ट झाली, मामा!

पण खरी मजा शेवटी. गॅरेजवाले चाचा म्हणजे शब्द कमी आणि विडी जास्त. त्यांनी मला आत बसून अॅक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगितलं आणि स्वतः बॉनेटखाली डोकं घातलं. मग बाहेर येऊन पायाखालचं मॅट काढून फेकलं. पुन्हा दाबायला लावलं. पंपाचा लिव्हर तरीही शेवटच्या टोकापर्यंत जात नव्हता. केबल ताणून सैल झालेली, वर जाड रबरी मॅट. म्हणजे इंजिन पूर्ण फेऱ्यांपर्यंत कधी पोचतच नव्हतं. दुसरा गिअर वेळेआधी संपायचा आणि तिसऱ्यात टाकलं की चढाला धाप लागायची. नवी केबल काही शे रुपयांची.

त्याबरोबर एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, टॅपेट सेटिंग, चारही नोझल काढून प्रेशर तपासणी (दोन बदलले), टायरची हवा. सगळं मिळून चौदा हजारांच्या आसपास, ब्रेक धरून. माल भरलेली गाडी, ऐरोलीजवळचा तोच सपाट पट्टा: उभ्यापासून ५० पर्यंत आधी २४ सेकंद, नंतर १७. पवईच्या चढाला पंचवीसऐवजी पस्तीस. टॉप स्पीड किती वाढला ते मोजलं नाही, आणि त्याचा सोस धरूही नये. हवेचा विरोध मोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. ताकद १० टक्के वाढवलीत तर टॉप स्पीड तीन-चार टक्क्यांवर जात नाही.

उरलेल्या हजारात मामाने मला न सांगता पंपाचा स्क्रू फिरवून घेतला. पाव फेरा. हे उघडकीला आलं पीयूसीला. डिझेल गाडीला धुराची मर्यादा हार्टरिज एककात ६५ होती, मामाची गाडी नापास. स्क्रू परत मागे. "पण आठ दिवस काय पळाली रे!" हे तो अजून सांगतो.

नव्या मुलासाठी एक गोष्ट राहिली. इंजिन बदलायचा विचार मनात असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आधी वाच. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलंय की नोंदणीत कंपनीचं जे मूळ स्पेसिफिकेशन आहे त्याच्याशी विसंगत बदल चालत नाहीत. अपघात झाला तर विम्यावाले पहिलं तेच बघतील.

आणि एपीएमसीतल्या सव्वादोन तासांचं काय? मामाने दोन व्यापाऱ्यांना आदल्या संध्याकाळी फोनवर ऑर्डर द्यायला सुरुवात केली. माल बाजूला काढून ठेवलेला मिळू लागला. रोजची चाळीस मिनिटं वाचली, खर्च मोबाइलच्या बिलाचा. तीनपैकी दोन गिऱ्हाइकं परत आली. गंमत म्हणजे याचं श्रेय मामा कधीच फोनला देत नाही. नातेवाइकांत कुणी विचारलं तर एकच उत्तर: "भाच्याने गाडी फास्ट करून दिली."

मुलुंडच्या मुलाला उद्या सकाळी सातला वजनकाट्यावर बोलावलंय. मॅट काढूनच ये म्हटलंय.