पेहराव कोण ठरवणार?

विरार स्टेशनबाहेरच्या बाजारात आमच्या लेकीबाळी फुलपाखरांचे, चित्रांचे, मोठ्या घेराचे फ्रॉक हौसेने घेतात. त्यावर साधे जाकीट, खाली लेगिंग आणि लोकलमध्ये विकत घेतलेले कानातले, की झाला थाट! हा स्वकमाईचा आनंद आहे. परंतु कामाच्या ठिकाणी पाऊल टाकताच साहेबांच्या कपाळावर आठी उमटते.

ही आठी शासनाच्या कागदावरही उतरली आहे. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये कर्मचाऱ्यांसाठी आणि मार्च २०२४ मध्ये शिक्षकांसाठी पेहरावाचे नियम काढले. दोन्हींत गडद रंगाच्या, नक्षीच्या व चित्रांच्या कपड्यांना मनाई होती. शिक्षिकेच्या कुर्त्यावर मोर असला म्हणून कोणत्या मुलाचे गणित चुकते?

पेहरावाची सक्ती म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कुणी शिकवायला नको. चांडाळांनी प्रेताची वस्त्रे नेसावीत व लोखंडाचे दागिने घालावेत, असा हुकूम मनुस्मृतीने दिला होता. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला ती जाळली गेली. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या आयाबहिणींना सांगितले की, अस्पृश्यतेची खूण ठरलेली लुगड्याची पद्धत आणि दागिन्यांचे ओझे टाकून द्या. लुगडे फाटके असले तरी स्वच्छ ठेवा. कपडा बदलणे हा तेव्हाही स्वाभिमानाचाच लढा होता.

कायदा काय म्हणतो? २०१४ साली तृतीयपंथीयांच्या हक्कांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, पोशाखातून स्वतःची ओळख व्यक्त करणे हा अनुच्छेद १९ मधील अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा भाग मानला. मात्र हा हक्क अमर्याद नाही. यंत्राजवळ सैल ओढणी नको, हा सुरक्षेचा नियम पाळलाच पाहिजे. खाजगी मालकाविरुद्ध तर मूलभूत हक्काचा आधार सहसा थेट मिळत नाही. म्हणून भगिनींनो, नेमणूकपत्र नीट वाचा. पेहरावाचा नियम लेखी मागा. तो पुरुषांनाही लागू आहे का, गणवेशाचा खर्च कोण करणार, हे विचारा. तोंडी टोमणा म्हणजे नियम नव्हे. कपड्यांवरून कुणी लैंगिक शेरेबाजी केली, तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समितीकडे तक्रार करा.

आणि एक कटू गोष्ट आपल्या घरातलीही. विहारात शुभ्र वस्त्रे शोभतात, हे खरे. पण कामावर निघालेल्या मुलीला 'आपल्या समाजाच्या मुलीने असे घालावे का?' असे दरडावणारे काका आपल्यातही आहेत. मनुस्मृती जाळणाऱ्यांच्या वारसांनी मुलींच्या कपाटावर पहारा बसवावा, हे लाजिरवाणे आहे. त्यांची पदवी पाहा, काम पाहा, हिंमत पाहा. फ्रॉकवरच्या फुलपाखरांना सुखाने उडू द्या!

जय भीम!