दोन मोजा, सर

रविवारी फजरची नमाज पढून बाहेर आलो तर आमचे मित्र मोटारसायकल सुरू करूनच उभे. ते गॅरेज चालवतात, आम्ही उर्दू शाळेत शिकवतो; त्यांचा पुतण्या आमच्याच वर्गात आहे. जळगावहून भुसावळ, वरणगाव करीत ऊन तापायच्या आत चांगदेवला पोहोचलो. तापी आणि पूर्णेचा संगम इथे आहे आणि हतनूर धरणाचं पाणी मागे इथवर पसरतं. धरणातली मासेमारी ठेक्याने मच्छीमार संस्थांकडे असते, म्हणून मित्रांनी आधी काठावर जाळं झाडत बसलेल्या माणसाला विचारलं. त्याने आमचा रबरी बेडूक हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि हसत होकार दिला.

हसण्यासारखाच प्रकार आहे म्हणा. पण या बेडकाचे गळ पाठीला चिकटून, वरच्या बाजूला असतात. त्यामुळे तो पाणगवतावरून न अडकता सरकतो, आणि मरळ राहते ती त्या गवतातच. नुसत्या कल्ल्यांवर तिचं भागत नाही. मधूनमधून हवा घ्यायला तिला वर यावंच लागतं. तिथला बुडबुडा हेरायचा, बेडूक त्याच्या थोडा पलीकडे टाकायचा, पाण्यावरची वलयं विरेपर्यंत थांबायचं, मग काठीच्या टोकाने हलका हिसका द्यायचा. पुन्हा थांबायचं. तास-दीड तास हेच.

मरळीने झडप घातली तरी लगेच ओढायचं नसतं. बेडूक तोंडात नीट जाऊ द्यायचा, मनात दोन मोजायचे. आम्ही दोनदा मोजलं नाही, आणि दोन्ही वेळा बेडूक उडून आमच्याच छातीवर आला.

“दोन मोजा, सर,” मित्र म्हणाले. “पुतण्या सांगतो, वर्गातही तुम्ही प्रश्न विचारता आणि उत्तरही तुम्हीच देता.”

राग आला. खरं होतं म्हणून जास्तच आला.

मग एकाएकी समोर सुपाएवढ्या जागेत रिमझिम पाऊस पडल्यासारखं पाणी थरथरू लागलं. आभाळ तर कोरडं. निरखून पाहिलं तर मरळीची तांबूस पिलं, शेकड्याने, वर येऊन हवा घेत होती. त्यांच्या खाली एक लांबट काळी पाठ.

“टाका बेडूक!” आम्ही कुजबुजलो. पिलांची राखण करणारी मरळ भूक नसतानाही जवळ येईल त्याच्यावर तुटून पडते. आता हुकायचा प्रश्नच नव्हता. शिवाय आज बाजारातून काही आणू नका, असं घरी बजावून निघालो होतो.

मित्रांनी दोर गुंडाळायला घेतला. “मोठी उचलली तर ही पोरं दुपारपर्यंत उरायची नाहीत. बाकीचे मासे टपलेलेच असतात.”

“मासा हलाल आहे, जबह करायचीही गरज नाही. हरकत काय?”

“हलाल आहे हो सर. पण ही नको.”

त्यांच्या थोरल्या भावाचा इंतकाल होऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून दोन घरांच्या चुली त्या एका गॅरेजवर पेटतात. त्याबद्दल ते काही बोलले नाहीत, आम्हीही नाही. थर्मासमधला चहा दोघांत वाटून घेतला आणि ते तांबूस वर्तुळ हळूहळू गवतात शिरेपर्यंत पाहत बसलो.

परतताना भुसावळला रोहू विकत घेतला. बेगमने पिशवीत हात घातला आणि विचारलं, “तापीत बर्फ पडला होता का?”